"बायकांना मत मिळालं" म्हणतो तेव्हा नेमकं कुठल्या बायकांना?

मेघना_प

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एक यादी हमखास असते. स्त्रियांना मताधिकार: न्यूझीलंड १८९३, ऑस्ट्रेलिया १९०२, अमेरिका १९२०, दक्षिण आफ्रिका १९३०, स्वित्झर्लंड १९७१. सध्या या विषयावर बरंच वाचन चाललंय, आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक सालाला तळटीप हवी असं वाटायला लागलंय.

ऑस्ट्रेलियाचं घ्या. १९०२ च्या ज्या कायद्याने तिथल्या गोऱ्या बायकांना संघराज्याच्या निवडणुकीत मत दिलं, त्याच कायद्यात पुढे असंही लिहिलंय की ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटं (यातून न्यूझीलंड वगळून) इथल्या मूळ रहिवाशांची नावं मतदारयादीत घालायची नाहीत. ज्यांना आपापल्या राज्यात आधीच मत होतं तेवढे सुटले, तेही कागदोपत्री. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, तेही एकाच कागदावर. आदिवासींना संघराज्याच्या निवडणुकीत सरसकट मत मिळायला १९६२ उजाडलं.

दक्षिण आफ्रिकेचा हिशोब तर उघडच होता. केप प्रांतात मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटी पुऱ्या करणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांना मत होतं. १९३० मध्ये फक्त गोऱ्या बायकांना मत दिलं, त्यामुळे गोरे मतदार जवळपास दुप्पट झाले आणि काळ्या मतदारांचं वजन तेवढंच घसरलं. पुढच्याच वर्षी गोऱ्या पुरुषांच्या अटीही काढल्या. काळ्यांच्या तशाच राहिल्या. १९३६ मध्ये केपच्या आफ्रिकन मतदारांना सामाईक यादीतूनच बाहेर काढलं.

अमेरिकेत १९२० ची १९ वी घटनादुरुस्ती सगळ्या बायकांसाठी होती, कागदावर. दक्षिणेतल्या राज्यांत मतपट्टी (मत देण्यासाठी भरायचा कर), साक्षरता परीक्षा आणि सरळसरळ मारहाण या गोष्टी काळ्या पुरुषांसाठी आधीच तयार होत्या, त्या काळ्या बायकांनाही लागू झाल्या. तिथे खरा फरक पडला तो १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने.

"हळूहळू सगळ्यांना मिळत गेलं" अशी ही गोष्ट सांगतात ती मला पटत नाही. बऱ्याच ठिकाणी एका गटाला हक्क देणं हे दुसऱ्याला बाहेर ठेवण्याचं साधन होतं. तुम्हाला काय वाटतं?

काजवा

वाचनखूण साठवली. स्वित्झर्लंडची तळटीप काय आहे?

मेघना_प

@काजवा, तिथे वंशाचा प्रश्न नव्हता, पुरुष मतदारांनी सार्वमतात ठरवायचं होतं. १९५९ मध्ये दोन तृतीयांश पुरुषांनी "नको" म्हटलं, १९७१ मध्ये "हो". आपेनझेल इनररोडन या चिमुकल्या कँटनच्या (तिथल्या घटकराज्याच्या) पुरुषांनी मात्र कँटनपुरता नकार चालूच ठेवला. शेवटी १९९० मध्ये संघीय न्यायालयाने त्यांना गप्प केलं.

शिरीष_क

धागा चांगला आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. दक्षिण आफ्रिकेत डाव होता हे मान्य. सगळीकडे डावच शोधायला लागलो तर राजकारण कसं चालतं हे विसरायला होतं. संसदेत बहुमत जमवावं लागतं. "सगळ्यांना एकदम द्या" म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा काहीच मिळत नाही.

अमेरिकेतलंच १८६९ बघा. १५ वी घटनादुरुस्ती वंशावरून मत नाकारायला बंदी घालत होती, लिंगाबद्दल तीत अवाक्षर नव्हतं. स्त्रीमताधिकाराच्या नेत्या एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी यांनी विरोध केला. काळ्यांचे नेते फ्रेडरिक डग्लस स्वतः स्त्रीमताधिकाराचे जुने पाठीराखे, पण त्यांचं म्हणणं असं की दक्षिणेत काळ्या माणसाला रस्त्यात ठार मारतात, त्याला मत ही आज जिवाची गरज आहे. माझ्या मते डग्लस बरोबर होते. जे मिळतंय ते घ्यायचं आणि पुढच्यासाठी भांडायचं.

मेघना_प

शिरीष, डग्लस बरोबर की स्टँटन हा वाद दीडशे वर्षं चाललाय. त्यात तिसरी बाजू कायम गळते. १८६९ मध्ये ज्या सभेत हा वाद झाला तिथेच फ्रान्सेस हार्पर होत्या. काळ्या, कवयित्री, गुलामगिरीविरोधी वक्त्या. त्यांनी डग्लसची बाजू घेतली, पण त्याआधी १८६६ च्या भाषणात त्यांनी गोऱ्या बायकांना ऐकवलं होतं की तुम्ही इथे हक्कांची भाषा करता, मी अन्यायांची करते. त्यांना रेल्वेत आणि ट्रामगाडीत बसू देत नसत. त्यांच्यासाठी "आधी वंश की आधी स्त्री" या प्रश्नाला अर्थच नव्हता, पण निवड त्यांनाच करावी लागली. स्टँटनना करावी लागली नाही, डग्लसनाही नाही.

आणि "पुढच्यासाठी भांडायचं" म्हणता तेव्हा पुढे काय झालं तेही बघा. ३ मार्च १९१३ ला वॉशिंग्टनमध्ये स्त्रीमताधिकाराचा भव्य मोर्चा निघाला. दक्षिणेकडच्या गोऱ्या बायका बिथरू नयेत म्हणून काळ्या बायकांनी मागे चालावं असं ठरलं. काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी ते ऐकलं नाही. मोर्चा सुरू झाल्यावर त्या गर्दीतून पुढे आल्या आणि आपल्या इलिनॉयच्या तुकडीत घुसल्या. ४४ वर्षांनंतरही उत्तर तेच होतं: तुम्ही जरा थांबा.

जुनावकील

मंडळी, मतदानावरून जरा बाजूला येतो. नागरिकत्वच काढून घेतलं तर मत कुठून येणार? या विषयातला माझा आवडता (म्हणजे डोकं फिरवणारा) इतिहास सांगतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

१९०७ मध्ये अमेरिकेने कायदा केला: अमेरिकन बाई परदेशी पुरुषाशी लग्न करेल तर ती नवऱ्याच्या देशाची. अमेरिकन पुरुषाने परदेशी बाई केली तर त्याचं काही जात नाही. कॅलिफोर्नियात १९११ ला बायकांना मत मिळालं. एथेल मॅकेंझी तिथेच जन्मलेल्या, मताधिकारासाठी काम केलेल्या. नवरा ब्रिटिश गायक. त्या नाव नोंदवायला गेल्या तर उत्तर मिळालं, "बाई, तुम्ही अमेरिकन नाही." प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९१५ चा निकाल काय म्हणतो? लग्न स्वेच्छेने केलं ना, मग नागरिकत्वही स्वेच्छेनेच सोडलं!

१९२० मध्ये बायकांना मत मिळाल्यावर हे टिकणं अवघड होतं. १९२२ च्या केबल कायद्याने बायकांचं नागरिकत्व नवऱ्यापासून सोडवलं. पण एक पाचर मारून ठेवली. नवरा "नागरिक होण्यास अपात्र" परदेशी असेल तर बाईचं नागरिकत्व जाणारच. अपात्र म्हणजे कोण? तेव्हा देशीकरण (परदेशी माणसाला नागरिकत्व देणं) फक्त "गोऱ्या मुक्त व्यक्तीं"ना आणि आफ्रिकन वंशाच्यांना मिळे. म्हणजे अपात्र कोण, तर आशियाई.

आता भगतसिंग थिंद यांचा नागरिकत्वासाठीचा १९२३ चा खटला आठवा. पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्यांच्या बाजूने युक्तिवाद असा की मानववंशशास्त्राप्रमाणे उच्चवर्णीय हिंदुस्थानी हे आर्य, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरे. न्यायालय म्हणालं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. गंमत म्हणजे तीनच महिने आधी जपानी ताकाओ ओझावा यांना याच न्यायालयाने सांगितलं होतं की तुमची कातडी गोरी असली तरी तुम्ही कॉकेशियन नाही. एकाला शास्त्र दाखवलं, दुसऱ्याला रस्त्यावरचा माणूस दाखवला.

या निकालाने हिंदुस्थानी पुरुष "अपात्र" ठरले. म्हणजे त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या बायकांचंही नागरिकत्व गेलं. क्रांतिकारक तारकनाथ दास यांची पत्नी मेरी दास अशांपैकी एक. वैष्णो दास बगाई १९२१ मध्ये नागरिक झालेले. ते काढून घेतलं, कॅलिफोर्नियात "अपात्र" परदेशी माणसाला जमीनजुमला बाळगता येत नसे, धंदाही सोडावा लागला. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पत्नी कला बगाई तीन मुलं घेऊन तिथेच राहिल्या. केबल कायद्यातली पाचर १९३१ मध्ये निघाली. हिंदुस्थानींना देशीकरणाची परवानगी १९४६ मध्ये मिळाली, नव्या येणाऱ्यांसाठी वर्षाला १०० चा कोटा ठेवून.

बाईच्या बाबतीत वंश आणि लिंग कसे एकमेकांत गुंतवतात याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. तिचा वंश नवऱ्यावरून ठरवला!

तिरकस

जुनावकील, एक राहिलं. थिंद यांनी "आम्ही उच्चवर्णीय म्हणून गोरे" हा युक्तिवाद केला. स्वतःला आत घेताना बाकीच्या हिंदुस्थान्यांना बाहेर ठेवायची तयारी होतीच की. मेघनाताईंची थिअरी इथेही लागू.

जुनावकील

राहिलं नव्हतं, कोणीतरी बोलेल म्हणून सोडलं होतं :) मुद्दा रास्त आहे. पण कायद्याने दारावर "गोरे" अशी पाटी लावली असेल तर वकील त्या पाटीत बसणाराच युक्तिवाद करणार. पाटी चुकीची आहे असं म्हणायची सोय त्या खटल्यात नव्हती.

रानवारा

कॅनडात राहते म्हणून इथली भर घालते. इथल्या इंडियन कायद्यानुसार आदिवासी म्हणून अधिकृत दर्जा असतो. राखीव भूमीवर राहणं, वारसा, जमातीच्या निवडणुका असं बरंच त्यावर अवलंबून. आदिवासी बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की तिचा दर्जा जायचा, मुलांनाही मिळायचा नाही. आदिवासी पुरुषाने बाहेरची बायको केली तर तिला उलट दर्जा मिळायचा! म्हणजे गोरी सून कायद्याने आदिवासी आणि स्वतःची लेक परकी.

जेनेट लाव्हेल यांनी याविरुद्ध केलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७३ मध्ये त्या हरल्या. सगळ्या आदिवासी बायकांना सारखंच वागवलंय, मग भेदभाव कुठे, असा साधारण सूर होता. मग सँड्रा लव्हलेस संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेल्या. समितीने १९८१ मध्ये कॅनडाला दोषी धरलं, १९८५ मध्ये कायदा बदलला. तरी बदल अर्धाच होता, भावाची नातवंडं आणि बहिणीची नातवंडं यांच्यात फरक राहिला. तो मिटवणारी शेवटची कलमं २०१९ मध्ये लागू झाली.

यातला अवघड भाग पुढे आहे. लाव्हेल यांच्या खटल्यात आदिवासींची राष्ट्रीय संघटनाच त्यांच्या विरोधात उभी होती. कारण नुसतं पुरुषी म्हणून सोडून देता येत नाही. एक कलम न्यायालयाने पाडलं तर सरकारला अख्खा कायदा मोडीत काढायला निमित्त मिळेल अशी भीती होती, आणि सरकारने १९६९ मध्ये तसा प्रस्ताव खरंच आणला होता. पण त्या भीतीची किंमत कोणी मोजायची? बायकांनी. इथल्या बायकांशी बोलताना ही जखम अजून ताजी वाटते.

काजवा

रानवारा, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा.

शिरीष_क

रानवाराचा मुद्दा जोरदार आहे. पण मेघनाच्या मूळ मुद्द्यापेक्षा वेगळा आहे ना? तिथे सत्ताधाऱ्यांनी एकाला देऊन दुसऱ्याचं काढलं. इथे दुबळ्या गटाने स्वतःला वाचवायला आपल्यातल्यांना बळी दिलं. हेतू वेगळा.

मेघना_प

हेतू वेगळा, जिच्यावर येतं ती बाई तीच. मला तेवढंच दाखवायचंय. १९७६ चा अमेरिकेतला जनरल मोटर्सचा खटला याच जागेवर अडकतो. कंपनीने १९६४ पूर्वी एकही काळी बाई कामावर घेतली नव्हती. पुढे मंदी आली, ज्येष्ठतेनुसार कपात केली, नंतर घेतलेल्या आधी गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका आहेत (गोऱ्या, कार्यालयात), काळे आहेत (पुरुष, कारखान्यात), मग भेदभाव कसला? वंश किंवा लिंग यातलं एक घेऊन या, दोन्हींची मोट बांधून नवा वर्ग करता येणार नाही. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ च्या लेखात हाच खटला धरून आपली "इंटरसेक्शनॅलिटी"ची (वंश, लिंग असे भेद एकमेकांत गुंततात ही) मांडणी केली. आज तिची टिंगल होते, पण तिचा उगम इतक्या साध्या कारकुनी अडचणीत आहे.

शिरीष_क

नोकरी आणि नागरिकत्व यांचा संबंध ओढूनताणून लावताय.

मेघना_प

पेन्शन आणि बेकारभत्ता नोकरीवरून ठरत असेल तर ओढायची गरजच नाही. अमेरिकेच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले होते. कायद्यात वंशाचं नावही नाही, लिंगाचंही नाही. पण दक्षिणेत घरकाम कोण करत होतं? घरकामवाल्यांना त्यात घ्यायला १९५० उजाडलं. हा वगळण्यामागचा हेतू काय, यावर इतिहासकार भांडतात. फटका कोणाला बसला यावर नाही.

आडवाट

आपल्याकडे मात्र १९५० मध्ये सगळ्यांना एकदम मत मिळालं. जात, लिंग, शिक्षण, मालमत्ता काही नाही. इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यात बऱ्याच बायकांना मत होतं ते मतदाराची बायको म्हणून. ते सगळं पुसून टाकलं. शिरीषरावांच्या "एकदम मागितलं तर काहीच मिळत नाही" याला हे उत्तर नाही का? बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे १९२८ मध्येच प्रौढ मताधिकार मागितला होता.

जुनावकील

उत्तर आहेच, पण त्यालाही तळटीप आहे. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना कित्येक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, सुमारे २८ लाख नावं गळाली. मला सेन यांचा निर्णय योग्य वाटतो, पुढच्या निवडणुकीला फरक दिसलाही. आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात परदेशात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व फक्त बापाकडून मिळे. आईकडूनही मिळू लागलं ते १९९२ च्या दुरुस्तीने. मत सगळ्यांना दिलं, पण नागरिकत्व पुढे द्यायचा हक्क बापाचा!

आता समानतेच्या बाजूने बोलणाऱ्यांना एक इशारा. समानता मिळाली म्हणजे काहीतरी मिळालं असं समजू नका. ब्रिटनमध्ये १९८० च्या स्थलांतर नियमांनुसार तिथे स्थायिक पुरुषाला बायको आणणं सोपं, बाईला नवरा आणणं कठीण. रोख दक्षिण आशियातून येणाऱ्या नवऱ्यांवर होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिघी जणी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेल्या. १९८५ चा निकाल: लिंगभेद सिद्ध, वंशभेद नाही. मग सरकारने काय केलं? पुरुषांनाही बायको आणणं तितकंच कठीण केलं. झाली समानता.

अमेरिकेत २०१७ मध्ये मोरालेस-सांताना खटल्यात तेच. अविवाहित आईने परदेशात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व द्यायचं तर तिचं अमेरिकेत एक वर्षाचं वास्तव्य पुरे, बापाला मात्र कित्येक वर्षांची अट. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी हा फरक घटनाबाह्य ठरवला. आणि उपाय? पुढच्या काळासाठी आईलाही लांब मुदत. खटला जिंकलेल्या माणसाला नागरिकत्व मिळालं नाही.

तिरकस

शेजाऱ्याच्या दोन म्हशी मरोत, हे न्यायालयीन भाषेत.

शिरीष_क

जुनावकिलांनी माझाच मुद्दा मांडला. न्यायालयातून तत्त्व मिळतं, वस्तू मिळत नाही. वस्तू सौद्यात मिळते. बरं, मेघना, भारत सोडून एक तरी ठिकाण दाखवा जिथे वंश आणि लिंग दोन्ही एकदम सुटलं. न्यूझीलंड?

मेघना_प

न्यूझीलंड बऱ्यापैकी. १८९३ मध्ये माओरी बायकांनाही मत मिळालं. माओरींच्या चार जागा १८६७ पासून वेगळ्या होत्या, त्यामुळे गोऱ्या मतदारसंघांतलं गणित बिघडत नव्हतं, हेही त्यामागचं एक कारण मानायला हवं. पण १९०८ पासून चिनी लोकांना नागरिकत्व देणंच बंद केलं, ते १९५१ पर्यंत.

दक्षिण आफ्रिकेचं १९१३ हे साल मला जास्त बोलकं वाटतं. त्या मार्चमध्ये न्यायमूर्ती सर्ल यांच्या निकालाने ख्रिस्ती पद्धतीखेरीज झालेली, नोंदणी नसलेली लग्नं बेकायदा ठरली. हिंदी बायका एका फटक्यात रखेली ठरल्या. त्यातून कस्तुरबा आणि गांधीजींच्या फिनिक्स वसाहतीतल्या बायका परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडून तुरुंगात गेल्या. तुरुंगातून आजारी होऊन सुटलेली कोवळी वल्लियम्मा पुढच्या फेब्रुवारीत वारली. त्याच वर्षी, त्याच देशात, ब्लूमफाँटेनमध्ये काळ्या आणि मिश्रवर्णीय बायका पासच्या (कायम जवळ बाळगायच्या सरकारी परवान्याच्या) सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या आणि त्याही तुरुंगात गेल्या. दोन्हीकडे मुद्दा एकच: सरकारचा कागद बाईच्या अंगावर कोणी लादायचा. पण दोन्ही लढे स्वतंत्र चालले. गांधीजींच्या त्या लढ्यात आफ्रिकन लोकांना जागा नव्हती. १९१४ मध्ये हिंदी लग्नांना मान्यता मिळाली, सौदा झाला, आफ्रिकन बायकांचा प्रश्न तिथेच.

रानवारा

नंतर कधी एकत्र आल्या का?

मेघना_प

९ ऑगस्ट १९५६. प्रिटोरियात युनियन बिल्डिंग या सरकारी मुख्यालयावर सुमारे २०,००० बायका, पासविरुद्धच. पुढे चौघी: लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा, सोफिया विल्यम्स. सरकारच्या वर्गवारीप्रमाणे एक आफ्रिकन, एक गोरी, एक हिंदी, एक मिश्रवर्णीय. मुद्दाम तशा. रहिमा मूसा तेव्हा गरोदर होत्या, सोफिया १८ वर्षांची. पंतप्रधान भेटले नाहीत, निवेदनांचे गठ्ठे दारात ठेवून आल्या.

शिरीष_क

आणि पास?

मेघना_प

बायकांना लागू झालेच. रद्द झाले १९८६ मध्ये.

शिरीष_क

म्हणजे १९१४ चा सौदा वर्षभरात फळला आणि १९५६ ची एकजूट तीस वर्षांनी. तुमच्या बाजूने धरायचं की माझ्या?

मेघना_प

१९१४ चा सौदा फळला म्हणता, तर १९४८ नंतर, वर्णभेदी राजवट आल्यावर, हिंदी लोकांचं काय झालं तेही हिशोबात धरा. लग्नं मान्य होती. पण १९५० च्या वसाहत-विभागणी कायद्याने त्याच हिंदी कुटुंबांना घरं-दुकानं सोडून हलवलं, आणि मत नव्हतंच. उद्या त्यावर लिहिते, आत्ता झोप येतेय.